चौथ्या रांगेतला हात

४ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पाकीट मिळालं. वर ‘आदरणीय श्रीमती’ असं टंकलेलं पाहून आधी वाटलं, शेजारच्यांचं टपाल चुकून आमच्या दारात पडलं. ज्या वहिनीने तुमच्या शर्टांना बटणं लावली, ती आदरणीय कधीपासून झाली? बहुतेक तिची सही हवी असते तेव्हापासून.

तुमचे दादा गेले त्याला चौदा महिने झाले. त्या दिवशी तुम्ही परदेशात भाषण करत होता, आणि ‘विमान मिळत नाही’ असा निरोप आला होता. त्याबद्दल मी तेव्हा बोलले नाही, आताही बोलत नाही. माझ्या सहीसाठी मात्र पाकीट दोन दिवसांत पोचलं, एवढंच लिहून ठेवते.

पत्र दोनदा वाचलं. मला कळलं ते असं. कुंपणावरच्या त्या वेलीचा जो अर्क तुमच्या प्रयोगशाळेने तीन वर्षांपूर्वी उंदरांना पाजला, तो आता गुडघेदुखीवर माणसांना द्यायचा आहे. त्याआधी बाहेरची समिती जुने कागद तपासते आहे. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, आठ उंदीर का मेले? तुमचं उत्तर तयार आहे: औषधाने नाही, पाजणाऱ्याच्या हाताने. आणि पाजणारा कोण, तर तुमचा सख्खा भाऊ, तुमच्याच जनावरघरात एकतीस वर्षं नळीने औषध पाजणारा माणूस. तो आता बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या बायकोने लिहून द्यायचं.

मजकूरही तुम्हीच पाठवलात. तेवढेच माझे कष्ट वाचले. ‘माझ्या दिवंगत पतींचा उजवा हात थरथत असे, हे मी घरी प्रत्यक्ष पाहिले आहे.’ खाली टिंबं, टिंबांखाली माझं नाव.

‘थरथत’ नाही हो भाऊजी, ‘थरथरत’. एक र राहिला. इतक्या पदव्या घेतल्यात, आणि तुमच्या हाताखाली शब्दसुद्धा नीट थरथरत नाही.

अहवालाची प्रत आमच्या कपाटात आहे. पुन्हा वाचते, मग सहीचं बघू.

वहिनी


१२ नोव्हेंबर

भाऊजी,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, “वहिनी, तो अहवाल तुम्हाला कळणार नाही. त्यात तांत्रिक भाग फार आहे.”

मी म्हटलं, “मग सही कशी करू? न कळणाऱ्या कागदावर सही करू नये, असं तुम्हीच मला शिकवलं होतंत.”

“हा कागद वेगळा आहे.”

“हो. यावर तुमचं नाव नाही.”

त्यावर तुम्हाला अचानक मीटिंग आठवली.

तुम्हाला आठवत नसेल, पण मी वाचायला तुमच्याच जनावरघरामुळे शिकले. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं त्या जुन्या मासिकांतून, जी पिंजऱ्यांखाली अंथरायला यायची. त्यातली कोरडी, बरी पानं हे घरी आणायचे. अर्धा लेख यायचा, अर्धा उंदरांखाली जायचा. त्यामुळे बऱ्याच गोष्टींचा शेवट मला अजून माहीत नाही, पण सुरुवातीवरून शेवट ओळखायची सवय लागली. राहिलेलं वाचनालयातल्या बाईंनी शिकवलं. या आठवड्यातही त्यांच्याकडे चार दिवस बसले, शब्दकोश उघडून. त्या म्हणाल्या, “अहो, यात कठीण असं काही नाही. लपवायचं असलं की माणूस लांब वाक्यं लिहितो.”

आता माझं वाचन ऐका, चुकलं तर सांगा.

चार रांगा. प्रत्येक रांगेत दहा उंदीर. पहिल्या रांगेला नुसतं पाणी, दुसरीला थोडा अर्क, तिसरीला मध्यम, चौथीला भरपूर. अठ्ठावीस दिवस, रोज सकाळी, तोंडातून पोटापर्यंत नळी घालून. पाण्यालाही तीच नळी, म्हणजे नळीचा त्रास सगळ्यांना सारखा. नळी पोटाऐवजी श्वासनलिकेत गेली तर उंदीर मरतो. बरोबर?

पहिल्या रांगेत मेले, शून्य. दुसऱ्या रांगेत शून्य. तिसऱ्या रांगेत शून्य, पण वजन घटलं. चौथ्या रांगेत आठ. आठही उंदरांपुढे एकच कारण: ‘नळी चुकून मृत्यू.’

म्हणजे माझा नवरा पहिल्या दहांना पाजायचा तेव्हा हात स्थिर. दुसऱ्या दहांना स्थिर. तिसऱ्या दहांना स्थिर. चार पावलं चालून चौथ्या रांगेपाशी पोचला की हाताला कंप. तो हात होता की हवामान? चौथ्या रांगेवरच पाऊस?

आणि नळी चुकली तर उंदीर तिथल्या तिथे जातो, नाहीतर फार तर दिवसा-दोन दिवसांत, छाती भरून. नाकाशी फेस येतो. हे मला अहवालाने नाही, यांनीच सांगितलं होतं. कामाला लागल्या वर्षी यांच्या हातून असे दोन गेले होते आणि हे दोन दिवस जेवले नव्हते. तुमचे आठ अकराव्या दिवसापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत सावकाश गेले, खाणं टाकून, वजन टाकून. वजनाचे आकडे तुमच्याच तक्त्यात आहेत, पान बावीस. ते खोडायला विसरलात.

नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. औषध पचेना नळी वाकडी, हे तुमच्याकडून शिकले.

वहिनी


१९ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचा ड्रायव्हर फळांची टोपली घेऊन आला आणि म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, दादांच्या काही वह्या असतील तर द्या. संस्थेची मालमत्ता आहे.”

फळं परत पाठवली. वही दिली नाही. ती संस्थेची नाही, यांच्या खिशातली आहे. त्यात आमच्या गिरणीवाल्याचा नंबर आहे, माझ्या चष्म्याचा नंबर आहे, आणि मधल्या पानांवर तुमचे उंदीर आहेत.

हे मोठं लिहीत नसत. पाटीवर लिहिल्यासारखं छोटं, ठळक. थोडं उतरवून पाठवते, म्हणजे ड्रायव्हरला पुन्हा फेरी नको.

‘चार-तीन. खाणं टाकलं. कान पिवळे.’ (चौथी रांग, तिसरा उंदीर. शेपटीवर पेनाने तीन कडी काढायचे, तो.)

‘चार-सात. डोळ्याभोवती लाल. भुसा केशरी भिजतो. कान पिवळे.’

‘चार-सात. धरलं तरी चावत नाही. चावत नाही म्हणजे बरं नाही.’

‘चार-तीन गेला. नाक कोरडं. छाती साफ. काळीज उघडून दाखवलं तेव्हा साहेब खिडकीकडे गेले.’

काळीज म्हणजे यकृत, आणि हे साहेब म्हणजे तुम्ही. खिडकीकडे का गेलात, तेही मला माहीत आहे. आमच्याकडे राहायचात तेव्हा मोरीत उंदीर दिसला की तुम्ही खाटेवर चढून “वहिनी!” अशी हाक मारायचात. हे हसत म्हणायचे, “अरे, तो तुझ्यापेक्षा घाबरलाय.” पुढे तुम्ही उंदरांचेच साहेब झालात. एकही उंदीर हातात न धरता उंदरांवर चौदा निबंध लिहिलेत. त्याबद्दल मला कौतुकच होतं, खरं सांगते. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. तुम्ही उंदीर पोखरून डोंगर काढलात. पण ज्याने नळी कधी हातात धरली नाही, त्याने दुसऱ्याच्या हाताबद्दल लिहू नये.

यांचा हात कसा होता ते मी सांगते. उंदीर धरण्याआधी हे दोन्ही हात काखेत धरून ऊब आणायचे. थंड हाताने धरलं तर तो आकसतो म्हणून. मग नळी त्याच्या अंगाला लावून बघायचे, नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत, आणि तेवढ्यावर नखाने खूण. जोर करायचा नाही. “नळी आपण घालायची नसते,” म्हणायचे, “त्याने गिळायची असते. आपण फक्त वाट बघायची.” जनावरघरात त्यांना सोनार म्हणायचे. दुसऱ्या प्रयोगशाळेतली माणसं त्यांचा हात बघायला यायची.

तो हात तुम्ही आठ ओळींत मोडलात.

वहिनी


२५ नोव्हेंबर

भाऊजी,

या वेळी फोन नाही, ड्रायव्हर नाही, हाताने लिहिलेलं पत्र. ‘आदरणीय’ गेलं आणि ‘प्रिय वहिनी’ आलं. तुम्ही लिहिता, दादाने त्या नोंदींवर स्वतः सही केली आहे, कोणी बळजबरी केली नव्हती. आणि तुम्ही लिहिता, ‘तुम्हीसुद्धा दादाला म्हणाला होतात, हात गेला म्हणून. ताईने मला सांगितलंय.’

नणंदबाईंनी सांगितलं असेल तर खरंच सांगितलं आहे. मी म्हणाले होते.

सह्या झाल्यावर चार महिन्यांनी तुमचा अहवाल छापून आला. त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही यांना नळीवरून काढून पिंजरे धुवायला लावलंत. वयोमानानुसार, असं पत्रात होतं. जनावरघरात सोनार म्हणणारे त्यांना भूकंप म्हणायला लागले. “भूकंप आला रे, बाटल्या धरा!” एकतीस वर्षांच्या माणसाला. हे घरी येऊन हसत सांगायचे, आणि मी अहवाल वाचत बसायचे. छापलेला होता ना. उंदरांखालच्या कागदांवरून वाचायला शिकलेली बाई. छापलेलं खोटं असतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटलं, घरी येऊन सांगत नाहीत, पण झालं असेल काही हाताला.

मग एका सकाळी यांच्या हातून कप पडला. बशीचे तीन तुकडे. मी म्हटलं, “छापलंय ते उगाच नाही. हात गेला खरंच तुमचा.”

यांनी खाली बसून तुकडे गोळा केले. दुसऱ्या दिवसापासून दाढी न्हाव्याकडे. माझ्या सुईत दोरा ओवून द्यायचे, ते बंद. रोज सकाळी पेला काठोकाठ भरायचे आणि स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत चालायचे, मग खाली फरशीकडे बघायचे. फरशी रोज कोरडी असायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला. गेले त्या दिवशीही भरून ठेवलेला पेला ओट्यावर तसाच होता. तो मी प्यायले. दुसरं काय करणार होते?

ज्याला स्वतःला ठाऊक होतं की तो चुकला नाही, त्यालाही शेवटी आपल्या हाताचा भरवसा राहिला नाही. अर्धा तुमच्यामुळे, अर्धा माझ्यामुळे. माझा अर्धा मी रोज सकाळी उचलते. तुमच्या अर्ध्याचं काय करता, भाऊजी? त्याचा निबंध केलात का?

वहिनी


१ डिसेंबर

भाऊजी,

ताईंकडे गेले होते. दार उघडलं तेव्हा उजेड त्यांच्या तोंडावर होता. मी चप्पल काढायची विसरले.

“अशी काय बघतेस?” त्या म्हणाल्या. “बारीक झालेय ना? गुडघेही हलके झालेत.”

“डोळे कधीपासून पिवळे आहेत?”

“ते झोप नाही म्हणून.”

“तुम्ही काही औषध घेताय?”

त्यांनी कौतुकाने फळीवरची डबी काढली. लेबल नाही, झाकणावर तुमच्या अक्षरात ‘ताई – रोज दोन’. “धाकट्याने स्वतः आणून दिली. अजून बाजारात नाही आलेलं. बहिणीला पहिला मान.” मी डबी पिशवीत टाकली तेव्हा भडकल्या. “तुझा काय भरवसा? तू चौथी शिकलेली, तो जग फिरून आलाय.” मी म्हटलं, “ताई, चौथीचंच मला कळतं.” त्या चौथी इयत्ता समजल्या.

त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, काळजावर सूज आहे, ते जे काय घेत होता ते आजपासून बंद, बहुतेक वेळेत आलात. दर आठवड्याला रक्त तपासायचं आहे. पाच आठवडे घेत होत्या.

मी दवाखान्यातूनच तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात, ते शब्दाला शब्द लिहिते, म्हणजे नंतर वाद नको.

“वहिनी, कावीळ कशानेही होते. पाण्यानेसुद्धा होते.”

भाऊजी, पाण्याची रांग पहिली होती. तिथे कोणी पिवळं झालं नव्हतं.

मी विचारलं, “तुमचेही गुडघे दुखतात. तुम्ही घेता का हे?” तुम्ही म्हणालात, “मला दुसरं इंजेक्शन चालू आहे.” वा! सख्ख्या बहिणीची पाचवी रांग केलीत, आणि तिच्या शेपटीवर कडीसुद्धा काढली नाहीत. उंदरांची निदान वजनं तरी घेत होतात.

ताईंनी विचारलं, फोनवर कोण. मी सांगितलं, चुकीचा नंबर. एवढं खोटं तुमच्यासाठी शेवटचं.

वहिनी


६ डिसेंबर

भाऊजी,

तुम्ही काल आलात. दीड वर्षाने त्या खुर्चीवर बसलात आणि बूट काढायचं राहिलं, इतके घाईत होता. “सोमवारी समिती आहे,” म्हणालात. “वहिनी, माझं सगळं आयुष्य यात आहे. ताईची डबी मी परत घेतो, अर्काचं प्रमाण कमी करतो, पुन्हा तपासतो. फक्त एवढा कागद द्या. दादा असता तर त्याने दिला असता.”

हे मात्र खरं बोललात. दिला असता. एकदा दिलाच होता.

तुम्ही त्याच टेबलाशी बसला होता, म्हणून आठवलं नसेल तर आठवण देते. तीन वर्षांपूर्वीची रविवारची दुपार. तुम्ही जनावरघराची नोंदवही बगलेत मारून आमच्या घरी आलात. जी वही जनावरघराच्या दाराबाहेर न्यायची नाही असं भिंतीवर लिहिलं आहे, ती. मी भाजी चिरत होते. यांनी विचारलं, “आठही?” तुम्ही म्हणालात, “दादा, नळी चुकली म्हटलं की कोणाला काही होत नाही. औषधाने मेले म्हटलं की मी संपतो.” हे वहीतल्या चौथ्या रांगेच्या नोंदी बघत राहिले. मग म्हणाले, “माझी नळी चुकत नाही रे.” तुम्ही म्हणालात, “मला माहीत आहे. म्हणून तर तुझ्या सहीला वजन आहे.”

मी चहा ठेवला. आठ सह्या होईपर्यंत तो तसाच निवला. एका सहीला पेन इतकं हललं की यांचा हात कपाला लागला, चहा हिंदकळला आणि कप पानावर टेकला तिथे चहाचं गोल कडं उमटलं. तुम्ही रुमालाने टिपलंत. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, “काही नाही, राहिलेल्या सह्या.” मीही भाजी चिरत राहिले. छापून आलेलं पानच मी खरं मानलं. कानांवर पडलेलं बोलणं नाही, डोळ्यांदेखत हललेलं पेनही नाही.

समितीतल्या त्या बाईंना चार दिवसांपूर्वीच पत्र टाकलं आहे, तुम्ही यायच्या आधी. त्यांना एवढंच सुचवलं की नोंदवहीतलं ते पान बघा. जनावरघरात चहा न्यायची बंदी आहे, मग पानावर कपाचं कडं कुठून आलं? आणि त्याच आठवड्यातल्या वजनांखालच्या यांच्या सह्या त्या आठ सह्यांशेजारी ठेवून बघा. सोमवारी त्यांनी मलाही बोलावलं आहे. वही, डबी आणि ताईंच्या रक्ताचा कागद घेऊन जाते. उंदराला मांजर साक्ष म्हणतात. या वेळी उंदरांना जरा बरी साक्ष मिळेल.

तुम्हाला वाटेल, वहिनीने माझा शब्द मोडला, कागद दिला नाही. तसं नाही. तुमचाच कागद, तुमच्याच टिंबांवर सही करून, तुमच्याच तिकिटाच्या पाकिटातून पाठवते आहे. त्याची एक प्रत समितीला दिली आहे. राहिलेला र घातला. ‘त असे’ एवढंच खोडून त्या जागी एक अक्षर लिहिलं. ‘असे’ म्हणजे नेहमी होत होतं, आणि तसं नव्हतं. चौथीतही हे शिकवतात. शेवटी एक ओळ वाढवली आहे. बाकी मजकूर तुमचाच आहे, वाचून घ्या:

‘माझ्या दिवंगत पतींचा उजवा हात थरथरला, हे मी घरी प्रत्यक्ष पाहिले आहे. एकदाच, आठ सह्या करताना, धाकट्या भावासमोर.’

वहिनी